स्टेम सेलचं पॅकेज घ्यावं का? सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांची पारख

कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, लॅबमध्ये त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या करायच्या, त्याच दिवशी पाठीच्या कण्यातून सोडायच्या. पुढचे काही दिवस तिथेच मुक्काम, सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी, ओटी (रोजच्या कामांचा सराव देणारी ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी आणि घरी जाताना 'आधी-नंतर'चा व्हिडिओ. सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारं अपंगत्व) असलेल्या मुलांच्या पालकांना 'रिजनरेटिव्ह थेरपी' या नावाखाली जे विकलं जातं, त्याचा साचा साधारण असा असतो. बिल लाखांत जातं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या, तिसऱ्या सिटिंगची तारीखही लगेच दिली जाते.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: पैसे घेऊन, ट्रायलच्या, म्हणजे उपचार पारखायच्या संशोधन-चाचणीच्या, बाहेर दिलं जाणारं हे पॅकेज घेऊ नये. या क्षेत्रात चाललेलं संशोधन मात्र खोटं नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिथेच घरं कर्जात जातात.

आधी पेशी नेमकं काय करतात ते पाहू. मेंदूचा इजा झालेला भाग त्या नव्याने उगवून देत नाहीत. शिरेतून दिलेल्या बहुतांश पेशी आधी फुप्फुसातच अडकतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे मेंदूतला दाह कमी व्हावा आणि उरलेल्या जोडण्यांना बळ मिळावं, एवढीच शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. त्यामुळे 'मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी' असं चित्र काउंटरवर दाखवलं जात असेल, तर तिथूनच परत फिरावं.

सर्वात चांगला पुरावा आहे तो नाळेतल्या रक्ताचा, बोन मॅरोचा नव्हे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने ६३ मुलांवर केलेली ट्रायल २०१७ साली प्रसिद्ध झाली. मुलांना स्वतःचंच, जन्मावेळी साठवलेलं रक्त दिलं होतं. वर्षाअखेर खरं रक्त मिळालेला गट आणि नुसतं बनावट इन्फ्युजन मिळालेला गट यांच्यात एकूण फरक दिसला नाही. पण ज्यांना वजनाच्या दर किलोमागे २ कोटी किंवा त्याहून जास्त पेशी मिळाल्या, त्यांची हालचाल अपेक्षेपेक्षा जास्त सुधारली. पुढे अशा अनेक ट्रायल्समधल्या मुलांची माहिती एकत्र करून २०२५ मध्ये विश्लेषण आलं. त्यात हालचालीच्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर साधारण दीड गुणाचा जादा फायदा दिसला, तोही लहान वयाच्या आणि सौम्य-मध्यम पातळीच्या मुलांत अधिक. दीड गुण म्हणजे शून्य नाही, पण अंथरुणावरचं मूल चालू लागणंही नाही. शिवाय बहुसंख्य घरांत नाळेचं रक्त साठवलेलंच नसतं.

मग व्हिडिओत सुधारणा दिसते ती कशी? मूल वाढत असतं, म्हणून. सेरेब्रल पाल्सीतही हालचालीची क्षमता पहिल्या पाचेक वर्षांत झपाट्याने वाढते. गंभीर पातळीच्या मुलांत हा वेग तिसऱ्या वर्षाच्या आसपासच मंदावतो. अडीच वर्षांच्या मुलाला काहीही दिलं आणि सहा महिन्यांनी व्हिडिओ काढला, तरी तो आधीपेक्षा चांगलाच येणार. त्यात रोज चार तासांची थेरपी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हायपरबॅरिक ऑक्सिजनची (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाने दिलेल्या ऑक्सिजनची) १११ मुलांवर ट्रायल झाली होती, २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ४० सिटिंगनंतर ऑक्सिजनवाली मुलं सुधारली आणि नुसती थोड्या दाबाची हवा घेतलेली मुलंही तितकीच सुधारली. तुलनेचा गट नसता तर सगळं श्रेय ऑक्सिजनला गेलं असतं. ऑक्सिजन चेंबरची पॅकेजेस आजही विकली जातात, त्यांनाही हाच निकाल लागू.

आपल्याकडचा नियम स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच करता येतो आणि ट्रायलसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून तीन गोष्टी मागाव्यात: सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पैसे लागणार नाहीत हे लेखी. 'मुलाच्या स्वतःच्याच पेशी, म्हणजे धोका नाही' हेही पुरतं खरं नाही. भूल आहे, कण्यातली सुई आहे, नंतरची डोकेदुखी, उलट्या, ताप आहे, फिट्स येण्याची शक्यता आहे. परक्या पेशी असतील तर प्रश्न आणखी मोठा. दुसऱ्या एका आजारासाठी मॉस्कोत गर्भाच्या मेंदूपेशी टोचून घेतलेल्या इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि कण्यात त्याच पेशींपासून गाठी झाल्याचं २००९ मध्ये नोंदलं गेलं.

आता ज्यावर पैसे आणि वेळ घालावा त्याबद्दल. पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तो जीएमएफसीएसची (हालचालीच्या क्षमतेच्या वर्गवारीची) पातळी कोणती हा. १ ते ५ अशा पातळ्या आहेत: १ म्हणजे मूल आधाराशिवाय चालतं, ५ म्हणजे मानही धरणं अवघड. पातळी कळल्याशिवाय कोणताही उपचार 'चांगला' की 'वाईट' ठरवता येत नाही.

थेरपीच्या सेवेत सर्वाधिक तफावत आहे. मूल गादीवर झोपवायचं, अर्धा तास पाय ओढायचे, वर-खाली करायचे, पुढचा पेशंट. असल्या सेशनचा उपयोग फार थोडा, कारण त्यात मूल स्वतः काहीच करत नाही. चांगल्या सेंटरमध्ये आधी काम ठरतं: पेला दोन्ही हातांनी धरून पिणं, खाटेवरून उतरून उभं राहणं, शर्टाचं वरचं बटण लावणं. मग तेच काम, मुलाने स्वतः, पुन्हा पुन्हा. एका ठरावीक कामासाठी १४ ते २५ तासांचा सराव लागतो; हाताचा एकूण वापर सुधारायचा तर ३० ते ४० तास. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाच्या हिशेबाने हे तास भरायला वर्ष सरेल, म्हणून घरचा सराव लिहून देणारी थेरपिस्ट शोधावी. एका बाजूचा हात कमजोर असेल तर चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्याची पद्धत उत्तम आहे, ती मागून घ्यावी.

बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल मत अनुकूल, पण अटींसकट. ते ताठर स्नायू काही काळ सैल करतं, एवढंच. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, महिनाभरात शिखराला जातो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. पोटरीचा स्नायू लांबीनेच आखडला असेल तर ते चालत नाही. गाढ झोपेत हळूच पाऊल वर करून पाहावं. झोपेतही ते वर येत नसेल तर तो नुसता ताठरपणा नव्हे. तिथे आठवड्याला बदलायचं प्लास्टर लागतं, कधी शस्त्रक्रिया. बिलावर ब्रँड, युनिट्स आणि कोणत्या स्नायूत किती टोचलं हे लिहिलेलं असावं. बोटॉक्स या ब्रँडची पायांसाठीची कमाल मर्यादा दर किलोला ८ युनिट किंवा एकूण ३००, यांपैकी जी कमी ती. म्हणजे १२ किलोच्या मुलाला ९६. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची युनिट्स वेगळी, आकड्यांची अदलाबदल करायची नाही. सुई सोनोग्राफीत बघून टोचणारे डॉक्टर निवडावेत. आणि पुढच्या तीन महिन्यांत थेरपी वाढवायला जमणार नसेल, तर इंजेक्शनची तारीखच पुढे ढकलावी.

स्प्लिंट, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारी एएफओ, ही या यादीतली सर्वात दुर्लक्षित वस्तू. ती ठरावीक साइजमध्ये दुकानातून उचलायची नसते, पायाचं प्लास्टरचं माप घेऊन बनवायची असते. ताब्यात घेताना तिथेच तपासावी. आत टाचेच्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावायचा, पाय घालून आधी घोट्यावरचा तिरका पट्टा आवळायचा, मग वरचा. पाच मिनिटांनी काढून पाहायचं. टाचेला रंग लागला नाही म्हणजे टाच वरच तरंगते आहे, आणि असली स्प्लिंट दिवसभर घालून पोटरी ताणली जाणार नाही, उलट पाऊल मधूनच वाकेल. काढल्यावर दिसणारी लाली २०-३० मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंटची तेवढी जागा गरम करून फुगवून घ्यावी. आत शिवण नसलेला सुती मोजा, बूट एक नंबर मोठा, आतला तळवा काढून. घरात जमिनीवर खेळताना, मांडी घालताना ताठ स्प्लिंट आड येते. तेवढा वेळ काढली तर बिघडत नाही. मूल वाढतं तशी वर्षाच्या आतही ती बदलावी लागते. जुनी घालत राहणं हीच सर्वात मोठी चूक.

खुब्याचा एक्स-रे ही सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वाचवणारी तपासणी आहे. साधारण एक तृतीयांश मुलांत खुबा हळूहळू सरकतो, पाचव्या पातळीच्या मुलांत तर दहातल्या नऊ जणांत. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. डायपर बदलताना मूल रडू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. स्वीडनने (आधी दक्षिण भागात) १९९४ पासून नियमित तपासणीची योजना राबवून खुबे निखळणं जवळजवळ थांबवलं. एक्स-रे काढताना दोन्ही पाय सरळ आणि गुडघ्याच्या वाट्या छताकडे हव्यात. पाय फाकलेले असतील तर फिल्म पुन्हा मागावी. रिपोर्टात 'मायग्रेशन पर्सेंटेज' (मांडीच्या हाडाचं डोकं खोबणीबाहेर किती टक्के सरकलं) असावं. ३०च्या वर गेलं की बालअस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

शस्त्रक्रियेत एका गोष्टीला ठाम विरोध: लहान वयात नुसती टाचेची शीर (स्नायुबंध) लांबवणं. टाच टेकते, घर आनंदतं आणि काही वर्षांनी मूल गुडघे वाकवून चालू लागतं. ते दुरुस्त करणं फार कठीण. शक्य तिथे शाळेच्या वयापर्यंत थांबून, सगळ्या सांध्यांचा विचार करून एकदाच शस्त्रक्रिया करावी. कण्यातल्या मज्जातंतूंच्या निवडक छेदाची एसडीआर शस्त्रक्रिया निवडक मुलांसाठी उत्तम आहे: दोन्ही पाय ताठर, पातळी २ किंवा ३, पायांत मुळात ताकद चांगली आणि पुढे बरेच महिने कसून फिजिओथेरपी करायची तयारी. बॅक्लोफेनचा (ताठरपणा कमी करणारं औषध कण्यात सोडणारा) पंप महाग आहे आणि तो ठरल्या वेळी भरावाच लागतो. पंप असो की गोळ्या, बॅक्लोफेन एकदम बंद झालं तर ताठरपणा उसळतो, ताप येतो, जिवावर बेततं. गोळ्यांची बाटली संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणावी.

पैशांसाठी: यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घालावं. १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही आणि थेरपीही त्यात बसते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणारं) सेंटर असेल तिथे तपासणी मोफत होते. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे. कृत्रिम अवयव आणि कॅलिपरचं काम तिथे फार जुनं.

आणि घरात नाळेचं रक्त खरंच साठवलेलं असेल, खऱ्या ट्रायलचं बोलावणंही आलं असेल, तर जरूर विचार करावा. बँकेकडून साठवलेल्या जिवंत पेशींचा आकडा मागावा आणि मुलाच्या आजच्या वजनाने भागावा. १८ किलोच्या मुलाला ड्यूकच्या हिशेबाने किमान ३६ कोटी लागतात. बाळ लहान असताना पुरेशी वाटलेली पिशवी अनेकदा इथेच कमी पडते.