पणजोबांचा शोध: आधी तहसिलीतले फेरफार की नाशिकची नामावळी?

घराण्याची वंशावळ काढायला बसलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. रामकुंडावर जाऊन आपल्या उपाध्यांकडची नामावळी, म्हणजे तिथे येऊन गेलेल्या यजमान घराण्यांच्या नावांची वही बघा, हा एक. तहसिलीतून जुने फेरफार काढा, हा दुसरा. दोन्ही रास्त आहेत. पण घराण्याच्या नावावर कधीकाळी चार गुंठे जरी जमीन असली, तरी सुरुवात फेरफारापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

फेरफार म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलत गेली त्याची गावची नोंदवही, गाव नमुना 6. मुंबई इलाख्यात हक्क नोंदणीचा कायदा 1903 साली आला, त्यानंतरच्या काळातल्या या नोंदी. खातेदार वारला की वारस कोण, हे गावासमोर लिहिलं जाई. साधारण मजकूर असा: ‘खातेदार रामा मयत. वारस मुलगे गणू, वय 22, व सखा, अज्ञान, अ.पा.क. आई यमुना.’ अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक. या दीड ओळीत पणजोबा साधारण केव्हा गेले, मुलगे किती, धाकटा तेव्हा लहान होता आणि पणजीचं नाव काय, इतकं सगळं हाती येतं. शिवाय कुणाचं नाव गाळलं तर भाऊबंद हरकत घेत, म्हणून या नोंदीवर भरवसाही जास्त.

दोन ठिकाणी मात्र जपावं लागतं. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर जमीन एकत्र कुटुंबाची आणि नाव फक्त मॅनेजरचं. म्हणजे बाकीचे भाऊ त्या ओळीत नाहीत, पण होते. दुसरं, मुलींची नावं बहुतेक 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच दिसू लागतात. आत्या आणि आत्येआज्या शोधणाऱ्यांची फेरफारात निराशा होते.

नामावळीचं बळ वेगळं. ती 1903 च्या कितीतरी मागे जाऊ शकते, तिला जमिनीची अट नाही, आणि पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेली शाखाही तिथे सापडते. अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलेल्या माणसाने सोबतच्यांची, भावांची, मुलांची नावं सांगितलेली असतात. कधी स्वतःच्या हाताने लिहिलेली असतात. पणजोबांचं अक्षर पाहायला मिळणं ही गोष्ट कुठल्याही सरकारी नकलेत नाही. पण जो आलाच नाही, त्याची नोंद नाही. तिथे आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. सध्याचं राहतं गाव सांगून उपयोग नसतो. एकाच गावात एकाच आडनावाची चार घरं निघाली, तर आपलं कोणतं हे ओळखायला दोन-तीन पिढ्यांची नावं हाताशी लागतात. ती फेरफार देतो. फेरफार आधी म्हणतो ते यासाठीच.

जमीन नव्हतीच, तर शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही, गाव नमुना 14, पाहावं. रजिस्टरातल्या ‘1 जून’ या जन्मतारखेवर विसंबू नये. ती बऱ्याचदा गुरुजींनी सोयीने घातलेली असते. कोतवाल बुकात बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, बापाचं नाव आणि जात तेवढी असते. छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, असेल तर उत्तम, फक्त त्यातल्या जुन्या पिढ्या पडताळून घ्या.

खर्चाचं म्हणाल, तर नकलेची फी किरकोळ असते. वेळ जातो तो अभिलेख कक्षातल्या हेलपाट्यांत. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले आहेत. शिवाय 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली; त्या नोंदी आपल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आहेत का, तेही बघा.

जुनी पानं मोडी लिपीत लिहिलेली निघतील. तेव्हा वाचणाऱ्याकडे नुसत्या आपल्या ओळीचा फोटो नेऊ नका, समासासकट अख्खं पान न्या. साल बहुधा वरच असतं, आणि ते शके असेल तर 78 मिळवायचे: शके 1820 म्हणजे 1898.