ताडपत्री की कौलं: डॉक्सचा बिल्ड मोडला तर काय करावं?

कोडला कुणी हात लावलेला नसतो. कुणीतरी रीडमीतली एक वेलांटी सुधारून पाठवतो आणि डॉक्सचा बिल्ड (मदतीची पानं आपोआप तयार करण्याचं काम) लाल होतो, म्हणजे फसतो. फोंड्यात आम्ही चौघे मिळून देवनागरी मजकुरासाठी एक छोटं पायथन पॅकेज (तयार कोडचा संच) सांभाळतो. तिथे हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा वाद तोच: वापरातल्या पॅकेजेसच्या आवृत्त्या जखडून (ठरावीक क्रमांकावर थांबवून) मोकळं व्हायचं, की नव्या आवृत्त्यांशी जुळेल अशी दुरुस्ती करायची? भर पावसात घर गळू लागलं की ताडपत्री टाकायची की वर चढून कौलं परतायची, तसंच हे.

ताडपत्रीचं, म्हणजे जखडण्याचं, काम पाच मिनिटांचं. मार्च २०२२ मध्ये जिंजा (साच्यातून पानं बनवणारं पॅकेज) ३.१ आलं आणि आधीच बाद ठरवलेली काही नावं त्यातून कायमची गेली. आमची डॉक्स बनवणारं साधन म्हणजे स्फिंक्स, ते जिंजा वापरतं; ४.०.२ च्या आधीचं स्फिंक्स नेमकी तीच नावं इम्पोर्ट करायचं, म्हणजे ओढून घ्यायचं. 'जिंजा ३.१ पेक्षा कमी' ही एक ओळ घातली की बिल्ड हिरवा. नवखा मुलगाही हे करू शकतो.

पण आम्ही स्फिंक्स तर आधीच जखडलं होतं! मोकळी राहिली होती ती त्याच्या खालची, त्याला लागणारी पॅकेजेस. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा तेच: स्फिंक्स ४ जागेवर, पण त्याची मदतनीस पॅकेजेस नवी आली आणि 'किमान स्फिंक्स ५ हवं' म्हणून अडून बसली. अर्धवट जखडणं हे न जखडण्यापेक्षा वाईट, कारण आपण निर्धास्त असतो. जखडायचंच तर पिप-टूल्सने (आवृत्त्यांची यादी काढणारं साधन) खालपर्यंतची सगळी यादी काढा, आणि पायथनची आवृत्तीही रीड द डॉक्सच्या (डॉक्स बनवून प्रसिद्ध करणारी सेवा) कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. ती फाइल २०२३ च्या सप्टेंबरपासून तशीही सक्तीची आहे.

ही यादी शिळी होते, हा तिचा दोष. पायथन ३.१३ ने इमेजएचडीआर हे चित्राचा प्रकार ओळखणारं मॉड्यूल काढून टाकलं आणि स्फिंक्स ४ ला ते लागतं. म्हणजे जुनी यादी धरून बसलात तर पायथनही जुनंच ठेवावं लागणार.

कौलं परतायला, म्हणजे खरी दुरुस्ती करायला, एक-दोन संध्याकाळी जातात. स्फिंक्स, थीम, एक्स्टेन्शन्स (स्फिंक्सला जोडायचे पुरवणी भाग) एकेक करून नव्या आवृत्तीवर न्यायची आणि लॉग (बिल्डची नोंद) वाचताना शेवटची नव्हे, पहिली एरर शोधायची. एखादं एक्स्टेन्शन बेवारस निघालं तर दोन संध्याकाळींच्या चार होतात. पण काही मोडतोड अशी असते की तिथे ताडपत्री चालतच नाही. ऑटोडॉक हे कोडमधून पानं काढणारं एक्स्टेन्शन आपलं पॅकेज खरोखर इम्पोर्ट करतं. सर्व्हरवर एखादी लायब्ररी नसेल तर नुसती वॉर्निंग येते, बिल्ड हिरवा राहतो आणि एपीआयचं (पॅकेजमधल्या फंक्शन्सच्या माहितीचं) पान कोरं छापलं जातं. लाल बिल्ड परवडला! त्यावर उपाय म्हणजे वॉर्निंगला एरर मानायला लावणं आणि ती लायब्ररी मॉक करणं (तिच्या जागी नकली उभी करणं). मराठी पीडीएफचंही तसंच: स्फिंक्स डिफॉल्टने पीडीएफलाटेक हे पीडीएफ बनवणारं इंजिन वापरतं, त्याला देवनागरी झेपत नाही. इंजिन झीलाटेक करा, देवनागरी फॉन्ट द्या. आवृत्ती जखडून तिथे काही होत नाही.

'स्फिंक्स सोडा, एमकेडॉक्सवर (डॉक्स बनवणारं दुसरं साधन) चला' असा सल्लाही हमखास मिळतो. ती दुरुस्ती नव्हे, घर बदलणं झालं.

आज रात्री रिलीज असेल, किंवा दुरुस्ती करणारा एकटाच असेल, तर बिनधास्त जखडा; मात्र त्याच दिवशी इश्यू (राहिलेल्या कामाची नोंद) उघडा. हाताशी दोन माणसं आणि एक रविवार असेल तर वर चढा. आम्ही दोन्ही ठेवलं आहे: रोजचा बिल्ड जखडलेल्या यादीवर, आणि दर सोमवारी एक मोकळ्या आवृत्त्यांवर, जो मोडला तरी कुणाचं काम अडवत नाही. तो लाल झाला की ज्याच्या घरी वीज असेल तो बघतो.