घडीचा कागदी मायक्रोस्कोप: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या व्हाळावर (ओढ्यावर) चार महिने वापरून बघितला

ऑक्टोबरात ऑनलाइन मागवला, किंमत एका बऱ्यापैकी छत्रीएवढी. जाड कागद घडी घालून आपणच जोडायचा, मध्ये मण्याएवढी लेन्स बसवायची की झालं. 140 पट मोठं दिसतं. मुलीच्या शाळेसाठी घेतलेला, आता रविवार आला की मीच घेऊन निघतो.

मामाचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, वाळपईच्या पलीकडे, वरच्या रानातला व्हाळ बागेतूनच खाली जातो. पाऊस ओसरला की तिथल्या दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर धरतो, त्यावरून घसरून मामेभावाचा हात मोडलेला, त्यामुळे आमच्या घरी ती घाणच. मी जुन्या टूथब्रशने दगडाची वरची बाजू घासली, बशीत पाणी धरलं, एक थेंब स्लाइडवर टाकला आणि मग बघतच बसलो! थेंबभर सोनेरी होड्या, त्यातल्या काही सावकाश सरकत होत्या, ना वल्हं ना शेपटी. हे डायटम, एकपेशीय शेवाळ, अंगाभोवती सिलिकाची म्हणजे काचेचीच डबी, झाकणासकट. होडीसारखी ती नॅव्हिक्युला, चिकट देठावर उभी असते ती गोम्फोनेमा.

जुलैत व्हाळाला लोंढा येतो तेव्हा दगड घासून निघतात, बरंचसं वाहून जातं. पाणी निवळलं की आधी दगडाला सपाट चिकटणारी येतात, मग देठवाली, मग लांब धाग्यांची. रान परत उभं राहतं ना, तसंच. आणि बेडकांची पिल्लं, गोगलगायी, माशांची पोरं दगडावर तोंड लावून असतात ती हेच खरवडून खातात, म्हणजे अख्ख्या व्हाळाचं जेवण ह्या थरावर.

वर रानात गच्च सावली, तिथे हिरवं जवळपास नाहीच. दगड तपकिरी, आणि एका धारेत काळपट जांभळा जेलीसारखा झुपका मिळाला, लेन्सखाली धरला तर मण्यांची माळ! बॅट्राकोस्पर्मम, गोड्या पाण्यातलं, लाल शेवाळांच्या गटातलं, ह्याला सावलीतलं थंड, स्वच्छ, वाहतं पाणी आवडतं. खाली जिथे काठची झाडं तोडलीत, ऊन पडतं, बागेतलं खत पाण्यात उतरतं, तिथे लांब हिरव्या जटा, आत स्प्रिंगसारखी हिरवी पट्टी फिरलेली, स्पायरोगायरा. पाणी तेच, अंतर दोनशे पावलं. मामाला दाखवलं, तो बराच वेळ डोळा लावून होता, मग म्हणाला, "अरे, हे इतकी वर्षं पायाखाली होतं?"

आता कमी काय ते. डायटमची नेमकी जात ओळखायला काचेवरच्या बारीक रेघा मोजाव्या लागतात, त्याला साफ केलेली स्लाइड आणि 1000 पट लागतं, ह्यात ते होणार नाही, गण, म्हणजे जातीच्या वरचा गट, कळतो तेवढंच. मोबाईलला लावायचं मॅग्नेट दुसऱ्याच महिन्यात निघालं, मी फेव्हिक्विकने चिकटवलंय, बदलून देतो म्हणाले पण अजून आलं नाही. कव्हर ग्लास, म्हणजे थेंबावर ठेवायची पातळ काच, फक्त दहा, त्यातले चार पहिल्याच दिवशी फुटले, सुरुवातीलाच जादा घेऊन ठेवा. सूचना मराठीत नाहीत, ह्याचा मला खरंच राग आला, कारण सत्तरीतल्या शाळेतल्या पोरांच्या हातात हा द्यायला हवा.

पाचपैकी चार. जाताना रबरी चप्पल नको, पकड असलेले बूट घाला आणि घासून झालेला दगड परत तसाच, वरची बाजू वर ठेवून पाण्यात ठेवा.