डीव्हीआर घेताना आधी दिवस मोजा

आमची सोसायटी बडोद्याच्या समा भागात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि मीटर रूममधला डीव्हीआर (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर) दोन दिवस पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर घाईत नवा बसवून घेतला. सेक्रेटरी मी, बिलावर सही माझी. आठही कॅमेऱ्यांचं चित्र टीव्हीवर स्वच्छ दिसलं, एवढंच मी पाहिलं.

दिवाळीत आमच्याच एका शेजारणीची स्कूटर पार्किंगमधून चोरीला गेली. मकरपुऱ्याच्या नोकरीवर जायला तिने हप्त्यांवर घेतलेली. ते लोक नाशिकला गेले होते, आठवड्याने परतले. मी रेकॉर्डिंग मागे न्यायला लागले तर तीन दिवसांपलीकडे काही नाहीच. आतली हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून नवं लिहितो, हे मला तेव्हा कळलं. ती शेजारी उभी होती. तिला काय सांगावं ते सुचेना.

म्हणून या वेळी, दुसरा डीव्हीआर घेण्याआधी, महिनाभर चौकशी केली. सगळे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबद्दल बोलतात, पण खरा प्रश्न किती दिवस साठवायचं हा आहे, आणि त्याचा हिशेब घरी करता येतो. 2 मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चित्र दाबून साठवायच्या जुन्या एच.264 पद्धतीने सेकंदाला 4 मेगाबिट लिहीत असेल, तर दिवसाला सुमारे 43 जीबी जातात. आठ कॅमेऱ्यांचे 345. आमची डिस्क 1 टीबीची (1000 जीबी) होती, म्हणजे तीन दिवसही पुरे नाहीत! एच.265 या नव्या पद्धतीत साधारण तेवढ्याच स्पष्टतेला 2 मेगाबिट पुरतात; 4 टीबीवर तेवीस दिवस मिळतात. डीव्हीआर जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क घेतो, तेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असते. ‘1080एन’ लिहिलं असेल तर तो डीव्हीआर पूर्ण 1920 बाय 1080 नाही, 960 बाय 1080 साठवतो. आडवे ठिपके निम्मे. कॅमेरा कितीही चांगला असो, गेटवरच्या गाडीचा नंबर नंतर वाचता येत नाही. आमच्या जुन्या फुटेजमध्ये पाच आणि सहा ओळखू येत नव्हते ते यामुळेच.

रावपुऱ्यातल्या ज्या दुकानातून शेवटी घेतलं, तिथल्या भाईंचा पहिला प्रश्न होता, “बेन, तमारे केटला दिवसनुं रेकॉर्डिंग जोईए?” किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवं, हे आधीच्या तीन दुकानांत कुणी विचारलं नव्हतं. तिथेच माझा निर्णय झाला. त्यांनी एनव्हीआर (नेटवर्क केबलवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) गळ्यात मारला नाही. भिंतीतली साध्या कॅमेऱ्यांची थ्री-प्लस-वन केबल धड आहे, कॅमेरे चालू आहेत, मग नव्याने कॅट-सिक्स नेटवर्क केबल कशाला ओढायची, असं त्यांचं म्हणणं. बिल्डिंग नवी बांधत असाल तर मात्र आयपी कॅमेरे आणि एनव्हीआरच घ्या. एकाच वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जातं, फक्त ती 100 मीटरच्या आत ठेवायची.

आम्ही आठ चॅनेलचा, पूर्ण 1080पी साठवणारा एच.265 डीव्हीआर आणि 4 टीबीची डिस्क घेतली. बसवण्यासकट सोळा हजारांच्या आत. डिस्क सर्व्हेलन्सचीच हवी, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारखी. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. एका सभासदाने घरातली जुनी डिस्क फुकट देऊ केली होती. त्यांचा मान राखून मी नाही म्हटलं.

डीव्हीआर आता दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, कुलपाच्या जाळीदार पेटीत आहे. केबल वाढवायला खर्च आला, पण पार्किंगमध्ये मी तो पुन्हा ठेवणार नव्हते. सोबत छोटा यूपीएस आहे. कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएसही त्यालाच जोडलाय, नाहीतर वीज गेल्यावर डीव्हीआर चालू आणि कॅमेरे बंद अशी गत होते.

सहा महिन्यांचा अनुभव सांगते. बावीस दिवसांचं रेकॉर्डिंग नेमाने मिळतं. रात्री गेटवरचा नंबर वाचता येतो, पण समोरून हेडलाइट असेल तर नाही. मोबाइलवर चित्र दोन-तीन सेकंद मागे असतं. पंख्याचा आवाज आहे. जिन्यालगतच्या घरातल्या आजोबांना पहिले काही दिवस त्रास झाला, मग पेटीखाली रबर घातलं. मेनू सगळा इंग्रजीत, आमच्या वॉचमनकाकांना त्याची अडचण होते. त्यांच्यासाठी मी मागचं रेकॉर्डिंग काढायच्या पायऱ्या गुजरातीत लिहून पेटीच्या दारावर आतून चिकटवल्यात.

पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं करायला लावा: कालच्या एखाद्या वेळेची दहा मिनिटं तुमच्यासमोर पेन ड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या संगणकावर चालवून दाखवायची. त्यात घड्याळही तपासून होतं. आमचं पहिल्या दिवशी वीस मिनिटं मागे निघालं, ते त्यांनी तिथेच नेटवरून आपोआप जुळेल असं लावून दिलं.