रबरी बोटीचा जोड आणि मंडळाचे साडेनऊ हजार

2019 च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी आमच्या मंडळानं गणपतीची वर्गणी वळवून एक जुनी रबरी बोट घेतली. म्हणायला रबरी, होती पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकची. हा फरक तेव्हा माहीत असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

यंदा मार्चमध्ये फुगवून ठेवली, तर सकाळी उजवी नळी बसलेली. साबणाचं पाणी फिरवलं. जोडावर वीतभर बारीक फेस धरला.

पुण्यातला एक दुरुस्तीवाला कुणीतरी सुचवला. "दादा, हायपालॉनची पट्टी टाकतो, इंपोर्टेड ग्लू, वर्षाची गॅरंटी." हायपालॉन म्हणजे बोटींना वापरतात ते कृत्रिम रबर. साडेनऊ हजार. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा पडेल. सकाळी बोट दिली, संध्याकाळी तयार! आम्ही उलट खूश. समोर हवा भरली, साबण लावला, एक बुडबुडा नाही. दहा मिनिटांत चहा पिऊन बोट टेम्पोत. नळी बोटानं दाबली की खळगा पडत होता, म्हणजे हवा निम्मीच भरली होती. ते मात्र घरी आल्यावर सुचलं.

मे महिन्यात शाळेच्या मैदानात गेज लावून 3 पीएसआय दाबापर्यंत हवा भरली. दुपारपर्यंत पट्टीचा कोपरा उचलला, मग केळ्याच्या सालीसारखी पट्टी हातात आली. खाली कापडाची मूळ चकाकी तशीच, नदीची वाळूसुद्धा. पिवळ्या तारा सुटत होत्या, वास थेट सायकलच्या पंक्चर सोल्युशनचा. कडेनं सिलिकॉन फासलेलं, बाथरूमला लावतात तसलं. फोन केला तर, "व्हॉल्व्ह गेला असेल, घेऊन या." चौथ्या फोनपासून उचलणंच बंद.

शेवटी कोलाडला राफ्ट दुरुस्त करणारे एक काका मिळाले. त्यांनी सॉल्व्हंटचा बोळा कोपऱ्यात घासला, कापड चिकट झालं. "पीव्हीसी आहे. त्यानं कापड कुठलं ते विचारलंच नाही?" नव्हतं विचारलं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा दोन भागांचा ग्लू लागतो, हार्डनर ऐन वेळी मिसळायचा. हायपालॉनचा ग्लू वेगळा. (ड्यूपाँटनं हायपालॉन 2010 मध्येच बंद केलं, तसं कापड दुसरे बनवतात, पण पैसे त्याच नावावर उकळतात.) आधी सॉल्व्हंटनं पुसायचं, मग पातळ दोन हात, मध्ये सुकू द्यायचं, रोलरनं दाबायचं आणि निदान एक दिवस तरी हवा भरायची नाही. आमची तर त्याच संध्याकाळी भरली होती.

काकांना जोडापेक्षा सिलिकॉनचाच वैताग जास्त. त्यावर कुठलाच ग्लू धरत नाही. अर्धा दिवस खरवडत बसले आणि मजुरी त्याचीच जास्त लावली. देताना कुणी हूं की चूं केलं नाही.

या खेपेला बोट रात्रभर फुगवून ठेवली. संध्याकाळी गेज 3, पहाटे 2.8. पोरांचे चेहरे उतरले. काका म्हणाले, गारव्यानं हवा आक्रसते, ऊन पडू दे. दहा वाजता काटा परत 3 वर.

पुण्याच्या त्या पट्टीचा तुकडा मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगलाय. वाळू अजून चिकटलेली आहे.