‘इंट्रेपिड’ बलूनचा पुठ्ठ्याचा संच : गाड्या उत्तम, बर्नर मात्र काढून टाका

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हापशाच्या बाजारातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून हा संच साडेसातशे रुपयांना घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने टेहळणीसाठी वापरलेल्या ‘इंट्रेपिड’ या बलूनची ही पुठ्ठ्याची आणि पातळ कागदाची प्रतिकृती आहे. आठवीच्या मुलांना इतिहास आणि रसायनशास्त्र एकत्र शिकवण्यासाठी इतके सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही; मात्र त्यात एक गंभीर चूक आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय तो मुलांसमोर मांडू नये.

संचाचे खरे वैभव म्हणजे बलूनशेजारी उभ्या करायच्या दोन वायुगाड्या. थॅडियस लोव यांनी 1861 मध्ये सैन्यासाठी बलून पथक उभारले, तेव्हा शहरातील दिवाबत्तीच्या गॅसपासून दूर, रणभूमीवर फुगा भरायचा कशाने, हा मोठाच प्रश्न होता. त्यांनी घोडागाड्यांवर लाकडी टाक्या बसवून घेतल्या. टाकीत लोखंडाचा कीस घालून त्यावर सौम्य गंधकाम्ल सोडले की हायड्रोजन निघे आणि तो थंड व शुद्ध करून नळीने फुग्यात सोडला जाई. ‘इंट्रेपिड’मध्ये असा सुमारे 900 घनमीटर वायू मावत असे. संचातील टाकीचे झाकण उघडते आणि नळीची तोटीही वेगळी जोडता येते. फेअर ओक्सच्या लढाईत, 1862 च्या मेअखेरीस, हा मोठा फुगा भरण्याइतकी सवड नव्हती. तेव्हा लोव यांनी लहान ‘कॉन्स्टिट्यूशन’मधील वायू त्यात वळवला आणि दोन्हींची तोंडे जोडण्यासाठी छावणीतील एका भांड्याचा तळ कापून घेतला. ते बिनबुडाचे भांडेसुद्धा संचात आहे, नखाएवढे! निर्मात्याने विषय मनापासून अभ्यासल्याची ही खूण आहे.

म्हणूनच टोपलीच्या वर ज्वाळांचा बर्नर पाहून वाईट वाटले. तो आजच्या गरम हवेच्या बलूनमध्ये असतो. हायड्रोजनने भरलेल्या फुग्याखाली ज्वाळा म्हणजे टोपलीतील माणसाचे मरणच. आम्ही तो भाग कापून टाकला.

दुसरी उणीव तारेची. जून 1861 मध्ये लोव यांनी वॉशिंग्टनवर सुमारे 500 फूट उंचीवरून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार पाठवली होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बलूनमधून मिळालेल्या सूचनांवरून तोफखान्याने स्वतःला न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा केला. वर दिसलेले क्षणात खाली पोहोचते, यातच या बलूनचे सारे मोल होते, आणि संचात तारेचा मागमूस नाही. जुन्या पंख्याच्या वेटोळ्यातील तांब्याची तार टोपलीपासून जमिनीपर्यंत सोडून आम्ही ती उणीव भरून काढली.

सोबतचा गोंद पावसाळ्यातील आपल्या दमट हवेत टिकत नाही. आकाशकंदील करणाऱ्या इथल्या मुलांना मैद्याची खळ ठाऊक असते. तिने कागदाच्या पाकळ्या पक्क्या बसल्या. वर व्हार्निशचा हात द्यावा, कारण वायू झिरपू नये म्हणून मूळ रेशमालाही व्हार्निश दिलेले असे.

दोर धरायला सैनिक पाचच दिले आहेत, ते फार कमी आहेत. यॉर्कटाउनजवळ एप्रिल 1862 मध्ये दोर तुटून जनरल पोर्टर बलूनसह शत्रूच्या हद्दीवर वाहत गेले होते आणि सुदैवानेच परतले. मुलांनी उरलेल्या पुठ्ठ्यातून आणखी सैनिक कापून प्रत्येक दोराशी उभे केले आहेत.