कर्जासोबत रद्द झालेला घराचा विमा आणि नंतर घेतलेली भारत गृह रक्षा: काही महिन्यांचा अनुभव

गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं की व्याज वाचतं, हे सगळे सांगतात. त्या कर्जाला जोडून दिलेल्या घराच्या विम्याचं पुढे काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आमची पॉलिसी दहा वर्षांची होती. हप्ता एकरकमी आणि तोही कर्जातच धरलेला, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही आम्ही व्याज भरत होतो. जुनं कर्ज बंद झालं, एनओसी आली, घराची कागदपत्रं नव्या बँकेत जमा झाली आणि काही आठवड्यांनी एसएमएस आला की पॉलिसी रद्द करण्यात आली आहे. कारण नाही, तारीख नाही, पैसे परत मिळणार की नाही तेही नाही.

कॉल सेंटरवर आवाज चढवून काही हाती लागत नाही. समोरच्याला स्क्रीनवर 'कॅन्सल्ड' एवढंच दिसतं. त्याच्याकडून एकच गोष्ट मागायची, ती म्हणजे रद्दीकरणाची एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची कंपनीने दिलेली लेखी नोंद), ईमेलवर. पॉलिसी कोणत्या तारखेपासून संपली, कारण काय, परतावा किती आणि कुठे जमा केला, हे सगळं त्या एका पानावर असतं. आमच्या पानावर कारण होतं 'विमाधारकाच्या विनंतीनुसार'. अशी विनंती आम्ही कुणालाही केलेली नव्हती. आणि परतावा जमा केला होता तो कर्जखात्यात. म्हणजे बंद झालेल्या खात्यात!

हे कारण सहज लिहिलं गेलेलं नसतं. इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाच्या) जून २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीला वैयक्तिक ग्राहकाची पॉलिसी फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच रद्द करता येते, आणि तीही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन. ग्राहक मात्र कारण न सांगता कधीही रद्द करू शकतो. त्यामुळे कर्ज बंद झालं म्हणून पॉलिसी गुंडाळायची असेल, तर फॉर्मवर सोयीचा रकाना एकच उरतो. तो रकाना आपण भरलेला नाही हे लेखी कळवणं, इथून आमची तक्रार सुरू झाली.

पण तक्रारीच्या निकालाची वाट बघत घर उघडं ठेवलं नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. म्हणून मागच्या तारखेपासून संरक्षण द्या, अशी मागणी नव्या कंपनीकडे करून उपयोग नसतो. मधले दिवस गेले ते गेलेच.

नवी पॉलिसी घेतली ती भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी आली, आणि आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते. मजकूर सगळीकडे सारखाच, त्यामुळे तुलना करायची ती हप्त्याची आणि सेवेची. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं मूळ संरक्षणातच येतं.

मला पटलेली गोष्ट म्हणजे विमा रक्कम ठरवण्याची रीत. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर, बस. समजा ६० चौरस मीटरचं घर आणि दर चौरस मीटरला ३०,००० रुपये खर्च, तर विमा १८ लाखांचा. जागेची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन जळत नाही. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं, यादी न देता. याची कमाल मर्यादा १० लाख. जास्त हवं असेल तर यादी द्यायची. आमच्या जुन्या पॉलिसीत विमा रक्कम चक्क कर्जाइतकी धरली होती. घर उभं करायला किती लागतील याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

दुसरं म्हणजे कमी रकमेच्या विम्याची कात्री इथे नाही. इतर अनेक पॉलिसींत २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचा असेल आणि नुकसान ४ लाखांचं झालं, तर हातात २ लाखच पडतात. भारत गृह रक्षामध्ये ही अट काढून टाकली आहे. (तरी रक्कम मुद्दाम कमी लिहू नका. घर पूर्णच गेलं तर लिहिलेल्या रकमेच्या वर काही मिळत नाही.)

प्रस्ताव अर्जात 'यापूर्वी कुठल्या कंपनीने विमा नाकारला किंवा रद्द केला आहे का' असा प्रश्न होता. एजंट म्हणाला, 'नाही लिहा, उगाच फाटे फुटतील.' मी 'हो' लिहून एन्डॉर्समेंट जोडली. एक फोन आला, खुलासा दिला, पॉलिसी मिळाली. उद्या क्लेमच्या वेळी हीच लपवलेली माहिती त्यांनी काढली असती, तर तो एजंट फोनही उचलणार नव्हता.

तक्रारीचं काय झालं? कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, त्यावर साचेबद्ध उत्तर आलं. मग इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवली. टोकन क्रमांक पडल्यावर मात्र सूर बदलला. रद्द केलेला चेक आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र मागितलं, रद्दीकरणाचं कारण 'कर्ज बंद' असं दुरुस्त केलं, आणि सुरूच न झालेल्या वर्षांचा हप्ता बचत खात्यात आला. पॉलिसी पुन्हा सुरू करायला त्यांनी नकार दिला आणि मीही फार ताणलं नाही. विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांपर्यंत जावं लागलं नाही. ती वाट मोफत आहे, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची. पण आधी कंपनीकडे तक्रार करून नकार मिळालेला हवा किंवा महिनाभर उत्तर आलेलं नसावं.

नव्या पॉलिसीची परीक्षा स्वयंपाकघरात झाली. सिंकखालचा पाइप फुटला आणि ट्रॉल्यांचा प्लायवूड फुगून दारं लागेनाशी झाली. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने व्हिडिओ कॉलवर फुटलेला तुकडा धरून दाखवायला सांगितलं, कारण अचानक फुटणं आणि महिनोन्महिने झिरपणं यात फरक असतो. झिरपणं धरत नाहीत. प्लंबरला तो तुकडा टाकू नको म्हटलं होतं, ते बरं झालं. ट्रॉल्या भिंतीला पक्क्या बसवलेल्या म्हणून इमारतीत धरल्या, सामानात नाही. पैसे आले. उशिरा, पण कापाकापी न करता.

तक्रारी आहेत. चोरीचं संरक्षण विमा उतरवलेल्या दुर्घटनेनंतर ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतंच आहे. बाहेरगावी गेल्यावर कुलूप तोडलं तर त्यासाठी वेगळा विमा लागतो, आणि हे विक्रीच्या वेळी कुणी बोलत नाही. कंपनीचं ॲप निव्वळ शोभेचं. नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला ईमेलची मालिका लागली.

नव्या बँकेचं नाव पॉलिसीत आहे, पण फक्त गहाणदार म्हणून. पॉलिसी थेट माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आणि माझ्या खात्यातून हप्ता. कर्ज परत हलवलं तर एका एन्डॉर्समेंटने बँकेचं नाव बदलेल, विमा जागच्या जागी राहील. दहा वर्षांपर्यंत मुदत घेता येते आणि विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, हा लांब मुदतीचा खरा फायदा. तरी नूतनीकरणाला मी वर्षाचीच घेणार आहे. कर्जाची उरलेली वर्षं कमी आहेत, आणि बांधकामाचा दर दरवर्षी नव्याने लिहायला मला पाच मिनिटं लागतात.